बाजारपेठेतले साडेतीनशे चौरस मीटर : एका प्रभागातील खेळाच्या जागेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातील एका पालिका शहरातल्या जुन्या बाजारपेठेलगतच्या प्रभागाचे आहे. शहराचे व व्यक्तींचे नाव मुद्दाम दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. मी या कामात नकाशे काढणे आणि अर्जांचे मसुदे लिहिणे एवढ्यापुरताच होतो. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या काही माझ्याही आहेत.

प्रभाग गोव्यातल्या कोणत्याही जुन्या तिंट्यासारखा, म्हणजे बाजारभागासारखा, आहे. रस्त्याकडेला दुकाने, त्यांच्यावर एक-दोन मजले, मागच्या गल्ल्यांत कौलारू घरे, आणि त्यांतल्या काही घरांत खोल्या पाडून ठेवलेली भाडोत्री बिऱ्हाडे. जुनी घरमालक घराणी, फ्लॅटमध्ये राहणारे नोकरदार, आणि फुले-फळे विकणारी किंवा बांधकामावर जाणारी, कर्नाटक व उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे असे तीन थर इथे एकाच गल्लीत राहतात. एकमेकांच्या घरी मात्र ते क्वचितच जातात.

तीस-चाळीस वर्षांपूर्वी इथली मुले बलकांवापुढच्या, म्हणजे घराच्या बसायच्या ओसरीपुढच्या, अंगणात, विहिरीभोवतीच्या चौथऱ्यावर, देवळाच्या प्रांगणात आणि बाजार उठल्यावर रिकाम्या होणाऱ्या मासळी शेडच्या बाहेर खेळत. यांपैकी एकही जागा कागदोपत्री मैदान नव्हती, म्हणून त्या गेल्या तेव्हा गेल्याची नोंदही कुठे झाली नाही. अंगणात मोटार आली, विहिरीवर जाळी बसली, प्रांगणात गुळगुळीत फरशी आणि तिच्यावर वाहने आली. कोणीही मैदान बळकावले नाही. मुलांची जागा मात्र संपली.

गोव्यात उद्याने नाहीत असे म्हणता येणार नाही. पणजीत कांपालला मुलांचे उद्यान आहे, आल्तिनोवर जॉगर्स पार्क आहे. मडगावात पालिका उद्यान आणि आगाखान उद्यान आहे. या प्रकरणातल्या शहरातही एक बरे उद्यान आहे, परंतु ते प्रभागापासून सुमारे दोन किलोमीटरवर असून वाटेत दोन मोठे रस्ते ओलांडावे लागतात. साहजिकच तिथे जाणे म्हणजे कोणा मोठ्याला सवड असणे आणि घरात स्कूटर असणे. दुकान रात्री साडेआठला बंद करणाऱ्या आईबापांच्या घरी या दोन्ही गोष्टी संध्याकाळी पाच वाजता नसतात.

प्रश्न कसा पुढे आला

एका संध्याकाळी मागच्या गल्लीत लगोरी खेळणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला माल उतरवून मागे येणाऱ्या टेंपोचा धक्का लागला. मनगट मोडले, दीड महिन्यात बरेही झाले. टेंपोचालक गल्लीत नेहमी येणारा होता आणि त्याची चूक होती असेही कोणी म्हटले नाही. परंतु त्यानंतर गल्लीतल्या बहुतेक घरांनी मुलांना बाहेर सोडणे बंद केले. संध्याकाळी गल्ली शांत राहू लागली, आणि काही जणांना ती शांतता बरीही वाटली.

त्या मुलाच्या आईने आणि दोन निवृत्त शिक्षिकांनी मिळून पालिकेला अर्ज द्यायचे ठरवले. मसुदा माझ्याकडे आला. मी तो अभ्यासपूर्ण केला, म्हणजे निष्कारण लांबवला. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात खेळणे हा हक्क मानला आहे; जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटांची चांगली हालचाल सुचवते; केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. हे सगळे त्यात होते. मुख्याधिकाऱ्यांनी दोन्ही पाने शांतपणे वाचली, बाजूला ठेवली आणि विचारले, “जागा कुठची ते सांगा. चलता नंबर आहे?”

तो, म्हणजे शहर सर्वेक्षणात जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला दिलेला क्रमांक, आमच्याकडे नव्हता. आमचा पहिला महिना इथेच वाया गेला. पालिकेकडे मागणी नेताना ती कोणत्या पी. टी. शीटवरच्या (सर्वेक्षणाच्या नकाशाच्या पानावरच्या), कोणत्या चलता नंबरच्या तुकड्याबद्दल आहे हे सांगता आले नाही, तर अर्जाला आवक क्रमांक पडतो आणि पुढे काही घडत नाही.

त्याआधी एक काम मात्र योग्य झाले. शिक्षिकाबाईंनी तीन रविवार मुलांना त्यांच्या पडवीत बसवून ‘तू कुठे कुठे एकटा जाऊ शकतोस’ याचा नकाशा काढायला सांगितला. नऊ वर्षांच्या एका मुलीने आपली खोली, नळ, शाळेची रिक्षा थांबते ती जागा आणि औषधांच्या दुकानाच्या तीन पायऱ्या एवढेच काढले. पायऱ्यांवर एक ठिपका होता. तो कसला म्हणून विचारल्यावर ती म्हणाली, “तिथे मी धाकट्याला घेऊन बसते. शटर उघडलं की उठायचं.” जवळजवळ सगळ्याच नकाशांत एक मोठा रस्ता होता आणि त्याच्या पलीकडे कोरा कागद. पुढच्या सर्व चर्चेत आम्हाला हे नकाशे माझ्या मसुद्यापेक्षा अधिक कामी आले. किती जागा हवी, हा प्रश्न मागे पडला. आठ वर्षांचे मूल मोठा रस्ता न ओलांडता एकटे जाऊ शकेल अशी जागा कुठे आहे, हे आम्ही शोधू लागलो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय नगरसेवकांनीच सुचवला : दोन किलोमीटरवरचे उद्यान सुधारावे आणि संध्याकाळी तिथवर बस सोडावी. उद्यानासाठी निधी मिळणे सोपे होते, कारण तिथे आधीपासून फलक होता आणि अंदाजपत्रकात देखभालीचे शीर्षकही. परंतु नकाशांच्या कसोटीवर तो टिकत नव्हता. बसच्या वेळेवर खेळणारी मुले मी अजून पाहिलेली नाहीत.

दुसरा पर्याय शाळेचा होता. प्रभागाच्या कडेला एक अनुदानित शाळा आहे आणि तिला छोटेसे पण बरे पटांगण आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक मानले आहे. ते शाळा सुटल्यावर बाहेरच्या मुलांना खुले करावे असे मात्र कायदा सांगत नाही. व्यवस्थापनाने नकार दिला नाही, तीन प्रश्न विचारले : कोणी पडले तर जबाबदार कोण, सकाळी झाडणार कोण, आणि रात्री आत राहिलेल्यांना बाहेर काढणार कोण? पहिल्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि बाकीच्या दोन प्रश्नांना पैसे लागत होते. बैठक सौजन्याने संपली. शाळेचा पर्याय आम्ही फार लवकर सोडून दिला, असे आता वाटते.

आठवड्यातून एक संध्याकाळ गल्ली वाहनांना बंद करावी, ही कल्पना तरुण मंडळींना आवडली. पण गल्लीच्या तोंडाशी माल उतरवणारी चार दुकाने होती आणि वाहतूक पोलिसांचा ना हरकत दाखला प्रत्येक वेळी लागणार होता. देवळाच्या प्रांगणाबद्दल समितीने स्वतःहून विचारणा केली, ही चांगली गोष्ट. तरीही गल्लीतली सगळी मुले तिथे सारख्याच मोकळेपणाने जातील का, या प्रश्नावर चर्चा अडली, आणि ती ताणू नये असे सर्वांनाच वाटले.

शेवटचा पर्याय नकाशा चाळताना सापडला. बाजारामागे, जुना पाण्याचा हौद पाडल्यानंतर उरलेला सुमारे साडेतीनशे चौरस मीटरचा एक तुकडा होता. फॉर्म डी वर, म्हणजे शहर सर्वेक्षणातल्या मालकीच्या उताऱ्यावर, नाव पालिकेचे, आणि शहराच्या बाह्यविकास आराखड्यात रंग हिरवा, म्हणजे मोकळ्या जागेचा. प्रत्यक्षात तिथे पालिकेने जप्त केलेले गंजके गाडे, मंडपाचे बांबू, मागच्या दिवाळीत जाळलेल्या नरकासुराच्या पुतळ्याचा लोखंडी सांगाडा आणि उरलेल्या जागेत दाटीवाटीने लावलेल्या दुचाक्या होत्या. कोपऱ्यात एक जुना आंबा. गल्लीतून तिथे पोचायला मोठा रस्ता ओलांडावा लागत नव्हता, निदान रस्त्याच्या अलीकडच्या मुलांना तरी.

निर्णय आणि कृती

पहिला वाद आकाराचा झाला. पालिका मंडळाच्या बैठकीत एका सदस्याचे म्हणणे पडले की एवढ्याशा जागेत मैदान होत नाही. तिथे दुमजली पार्किंग करावे आणि मुलांसाठी शहराबाहेर मोठी जागा घ्यावी. त्यावर मी ॲमस्टरडॅमचे उदाहरण दिले होते. आल्डो व्हान आयक या वास्तुशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये तिथल्या एका चौकात वाळूचा हौद, काही दगडी ठोकळे आणि लटकण्यासाठी लोखंडी कमानी एवढ्यावर पहिली खेळाची जागा केली आणि पुढच्या तीसेक वर्षांत शहरभर अशा सातशेहून अधिक जागा झाल्या, त्यांतल्या कित्येक घरांच्या ओळीत पडलेल्या मोकळ्या तुकड्यांवर. सदस्य म्हणाले, “तिथे जूनमध्ये असा पाऊस पडत नाही.” बैठकीत हशा पिकला. मी तो टोमणा समजलो. खरे तर ती सूचना होती, आणि ती किती मोलाची होती हे पुढच्या जूनमध्ये कळले.

दुसरा विरोध अधिक गंभीर होता. दुकानदारांच्या एका ज्येष्ठ प्रतिनिधीने तो स्पष्ट शब्दांत मांडला : “पोरांना खेळायला जागा हवी हे कबूल. पण माझे गिऱ्हाईक गाडी काय डोक्यावर घेऊन येणार?” गोव्यात दुचाकीवाचून घर चालत नाही, त्यामुळे हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. यावर निवेदन देण्याऐवजी मोजणी करायचे ठरले, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय होता. महाविद्यालयात जाणाऱ्या दोघांनी चार दिवस, आठवड्याच्या बाजाराचा दिवस धरून, दर अर्ध्या तासाला तिथल्या वाहनांचे क्रमांक टिपले. बहुतेक दुचाक्या सकाळी दुकान उघडण्याच्या वेळी येत होत्या आणि रात्रीच निघत होत्या. म्हणजे त्या गिऱ्हाइकांच्या नव्हत्या, दुकानदारांच्या व त्यांच्या कामगारांच्याच होत्या. ही वही बैठकीत न वाचता आधी दुकानदारांनाच खासगीत दाखवली. बैठकीत वाचली असती, तर ती उणीदुणी काढल्यासारखी झाली असती. शेवटी मागच्या बाजूची एक पट्टी दुचाक्यांसाठी ठेवायची आणि मध्ये कमरेइतकी चिऱ्यांची भिंत घालायची, यावर तडजोड झाली. भिंतीची माथ्याची बाजू बलकांवातल्या सोप्यासारखी, म्हणजे बांधीव बाकासारखी, रुंद ठेवली, म्हणजे आज्यांना तिच्यावर बसता येईल.

ठराव मंजूर झाला आणि लगेचच निवडणुकीची आचारसंहिता लागली. त्या खोळंब्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

काम सुरू होताना तिसरा निर्णय आला, साहित्याचा. नगरसेवकांना तालुक्याच्या ठिकाणी पाहिलेला, घसरगुंडी-शिडी-बोगदा एकत्र असलेला रंगीत फायबरचा संच हवा होता, आणि उघड्यावरची व्यायामयंत्रेही. आमचा आग्रह वाळू, दोन झोके, लटकायच्या कमानी आणि चिऱ्यांच्या चढत्या पायऱ्या यांचा होता. संच उद्घाटनाच्या छायाचित्रात चांगला दिसतो, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, आणि निधी आणणाऱ्याला एवढे मिळायला हरकत नसावी असे मला आजही वाटते. संच घेतला, व्यायामयंत्रे टाळली, कारण त्यांनी आंब्याखालची सावली व्यापली असती. घसरगुंडीचे तोंड उत्तरेकडे वळवले, कारण एप्रिलमधल्या दुपारनंतर पश्चिमेकडे तोंड केलेल्या घसरगुंडीवर उघड्या पायांचे मूल बसू शकत नाही.

खरी चूक जमिनीच्या बाबतीत झाली. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीवर आधारलेल्या अंदाजपत्रकात पेव्हर ब्लॉकची बाब सरळ घालता येत होती. वाळूच्या खेळपट्ट्यासाठी तशी बाब नव्हती, शिवाय वाळूउपशावरच्या निर्बंधांमुळे गोव्यात वाळू मिळवणे हाच एक उद्योग झाला आहे. परिणामी कंत्राटदाराने सबंध तुकडा पेव्हरने मढवून टाकला, अगदी झोक्यांखालीसुद्धा. दीड-दोन मीटरवरून पेव्हरवर डोके आपटण्याचा धोका काय असतो हे समजावण्यात दोन आठवडे गेले. शेवटी झोके व संच यांच्याखालचे पेव्हर उखडून तिथे साधारण तीस सेंटीमीटर खोलीपर्यंत धुतलेली वाळू भरली. झोक्यांमागच्या कठड्याचे गजही बदलावे लागले. वेल्डरने नजरेच्या अंदाजाने दोन गजांत बारा सेंटीमीटरचे अंतर ठेवले होते. खेळसाहित्याच्या ईएन ११७६ या युरोपीय मानकात साधारण नऊ ते तेवीस सेंटीमीटरमधल्या फटी धोक्याच्या धरल्या आहेत, कारण लहान मुलाचे धड त्यांतून पलीकडे जाते आणि डोके अडकते. वेल्डरने हे ऐकून आपल्या सोबतच्या मुलाचे डोके दोन गजांत धरून पाहिले आणि काही न बोलता यंत्र सुरू केले.

कुलपाचा निर्णय सर्वांत लांबला. पालिकेला फाटक, कुलूप आणि वेळापत्रक हवे होते. रात्री बाटल्या पडतील ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. परंतु किल्ली पंपचालकाकडे आणि पंपचालक रजेवर, अशा अवस्थेत बंद राहिलेली उद्याने आम्ही पाहिली होती. फाटक ठेवले, कुलूप ठेवले नाही, आणि त्याऐवजी एक दिवा रस्त्याच्या दिव्यांच्या वाहिनीवर जोडून घेतला, म्हणजे त्याचे बिल वेगळे येणार नाही.

परिणाम

जागा खुली झाल्यापासून संध्याकाळी पाच ते साडेसात ती भरलेली असते. सकाळी अकराच्या सुमारास, अपेक्षा नसताना, फुलवाल्या बायका तान्ह्यांना घेऊन आंब्याखाली बसू लागल्या. सोप्याची भिंत संचापेक्षा अधिक वापरली जाते. औषधांच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसणारी मुलगी आता धाकट्याला वाळूत सोडते आणि स्वतः कमानीवर उलटी लटकते. तिच्या आईने याबद्दल तक्रार केली, ती मी यशाच्या खात्यात धरतो.

जूनमध्ये पाणी तुंबले. गटाराची पातळी आतल्या जमिनीपेक्षा वर होती, हे कोणी पाहिलेच नव्हते. वाळू वाहून गेली आणि जवळजवळ पावसाळाभर मधला भाग निकामी राहिला. पावसाळा संपल्यावर चर खोदून तो गटाराच्या खालच्या टोकाला जोडला, तेव्हा पुन्हा पेव्हर उखडावे लागले.

दुसरी अडचण माणसांची. काही घरमालकांनी “बाहेरची मुले फार येतात” अशी तोंडी तक्रार केली. बाहेरची म्हणजे त्यांच्याच भाडोत्र्यांची. शिक्षिकाबाईंनी वाद घातला नाही; त्या रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसू लागल्या. तक्रार विरली, पण संपली असे म्हणता येणार नाही.

तिसरी दिवाळीच्या आधीची. ती जागा मोठ्या मुलांची नरकासुर बांधण्याची होती आणि आम्ही ती विचारपूससुद्धा न करता घेतली होती. त्यांनी एका रात्री सांगाडा आणून वाळूत उभा केला. तो हलवायला लावण्याऐवजी मागची पट्टी दोन आठवडे दिली गेली आणि दहन नेहमीच्या नाक्यावर झाले. सगळे नीट पार पडले असे वाटत असतानाच, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वाळूत राहिलेली तार एका मुलीच्या टाचेत घुसली. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि दोन टाके. मग त्याच मुलांनी लोहचुंबक दोरीला बांधून सगळी वाळू विंचरली आणि मूठभर खिळे काढून दाखवले. या वर्षी त्यांनी आपणहून ताडपत्री अंथरली.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट पाण्याची. जागेचा नकाशा काढताना मी लांबी-रुंदी मोजली, उतार मोजला नाही. गोव्यात खेळाच्या जागेचे पहिले रेखाटन गटाराचे असायला हवे आणि त्यानंतर झोक्याचे. पालिकेचा अभियंता पावसाळ्यात एकदा जरी छत्री घेऊन तिथे उभा राहिला असता, तरी हे कळले असते. तसे सुचवणे माझे काम होते.

दुसरी, अंदाजपत्रकाची. वाळूची बाब दरसूचीत नसेल तर ती वेगळ्या दरविश्लेषणाने घालता येते, परंतु ते निविदेआधी करावे लागते. आम्ही निविदा निघाल्यावर जागे झालो.

तिसरी, वयाची. नकाशे काढायला बसवलेली मुले पाच ते अकरा वर्षांची होती आणि जागा नेमकी त्यांच्याचसाठी झाली. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना तिथे करण्यासारखे काही नाही; त्याच वयाच्या मुली तर भिंतीवरही बसत नाहीत, कारण मागच्या पट्टीत दुचाक्यांवर तरुण बसलेले असतात. पार्किंगची तडजोड आम्ही दुकानदारांशी केली, तेव्हा ती या मुलींना विचारायला हवी होती. मोठ्या मुलांसाठी शाळेचे पटांगण हाच उपाय उरतो. त्यासाठी व्यवस्थापनाच्या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे तयार होत आहेत : पालिकेने विमा घ्यावा, सफाई पालिकेच्या कामगाराकडे द्यावी, आणि वेळ साडेसहापर्यंतच ठेवावी.

उरला मोठा रस्ता. पलीकडच्या चाळीतली मुले अजून येत नाहीत. जागा खुली झाली त्या आठवड्यात पादचारी पट्टे रंगवले होते, ते पहिल्या पावसात पुसट झाले. गतिरोधकाच्या अर्जाला आवक क्रमांक पडला आहे. या वेळी अर्ज एका पानाचा आहे, चलता नंबरासह, आणि सोबत पलीकडच्या सहा मुलांचे नकाशे जोडले आहेत.